नाक्सोसहून जवळच्या निवांत बेटांवर एका दिवसात जाऊन यायचंय: बोट कुठली, बेट कुठलं?

अबोली

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन ग्रीसला जातोय. आम्ही दोघं श्टुटगार्टला असतो, ते नाशिकहून येताहेत. आधी अथेन्स, मग नाक्सोस बेटावर मुक्काम. सॅन्टोरिनी मुद्दाम वगळलं, कारण बाबांना गर्दी सोसत नाही आणि आईचे गुडघे तिथल्या पायऱ्यांना पुरणार नाहीत.

नाक्सोसच्या दक्षिणेला आणि पूर्वेला लहान बेटांचा पुंजका आहे: इराक्लिया, स्किनूसा, कूफोनीसिया, दोनूसा. तिथे बोटीने दिवसभर जाऊन यावं असं मनात आहे. बंदरावरून 'एका दिवसात तीन बेटं' अशा सहली निघतात असं वाचलं. त्या घ्याव्यात की साध्या फेरीने आपलं आपण जावं? आईला पोहता येत नाही आणि तिला बोट लागते. दोघंही शाकाहारी. बाबांना जुन्या इतिहासाचं वेड आहे. केरोस बेटावर सापडलेल्या वीणावादकाच्या मूर्तीचा फोटो त्यांनी कात्रणांच्या वहीत लावून ठेवलाय. ते बेट बघता येईल का?

कोरांटी

कूफोनीसियालाच जा, दुसरा विचारच करू नका. ही दोन बेटं आहेत, वरचं आणि खालचं. वरचं बेट, म्हणजे आनो कूफोनीसी, जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर. डोंगर नाही, सगळं सपाट. बंदराला लागूनच गाव आणि गावाला लागूनच वाळू. तिथून किनाऱ्याने पायवाट निघते: फिनिकास, फानोस, इतालिदा, मग खडकात आपोआप तयार झालेला डोहासारखा 'पिसीना' आणि शेवटी पोरीचा मोठा अर्धगोल किनारा. रमत गेलात तर तासभर. पाण्याचा रंग बघून आई गुडघे विसरतील. उन्हाळ्यात गावातून पोरीपर्यंत लहान बोटही जाते, म्हणजे एका बाजूने चालायचं आणि दुसऱ्या बाजूने बोटीत बसायचं.

दर्यावर्दी

ताई, बेट नंतर ठरवा, आधी वाऱ्याचं बोलू. मी मूळचा रत्नागिरीचा, बरीच वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, एजियन समुद्रातून जाणं-येणं पुष्कळ झालं. तिथे जून ते सप्टेंबर उत्तरेकडून वारा वाहतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये तो ऐन भरात असतो. ५-६ बोफर्ट (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) ही नेहमीची गोष्ट, ७ झाला तरी कुणी चकित होत नाही. ६ बोफर्ट म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर.

आपल्या माणसाचा इथे घोटाळा होतो, कारण आपल्याकडे वारा आला की ढग येतात, आभाळ भरतं, समुद्र काळा पडतो आणि नाखवा घरी बसतो. मेल्तेमी निरभ्र आकाशात येतो. वर लख्ख ऊन, खिडकीतून सगळं छान दिसतंय आणि बंदरात गेल्यावर कळतं की बोटी बंद. म्हणून आभाळ बघू नका, ग्रीसच्या हवामान खात्याचा बोफर्टचा आकडा बघा. वारा वाढला की बंदर अधिकारी जहाजं अडवून ठेवतात. त्या आदेशाला तिथे 'आपागोरेफ्तिको' म्हणतात. आधी लहान सहलीच्या बोटी थांबतात, मोठ्या फेरीबोटी बऱ्याच नंतर.

दुसरी गोष्ट आडोशाची. नाक्सोस उंच आहे, त्याचा झास डोंगर १००० मीटरच्या वर जातो. इराक्लिया, स्किनूसा आणि कूफोनीसिया त्याच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला येतात, त्यामुळे उत्तरेची लाट त्यांच्याकडे थोडी मोडून पोचते. दोनूसा पूर्वेला उघड्यावर आहे. आईंना बोट लागत असेल तर दोनूसाचं नाव या खेपेला काढू नका.

सप्टेंबरअखेर मेल्तेमीचा जोर उतरलेला असतो, महिना चांगला निवडलात. तरी नाक्सोसला पोचल्यावर बेटाची सहल पहिल्या दिवसांत उरका, शेवटच्या दिवसावर टाकू नका. वारा फिरला तर हाताशी दिवस हवेत.

पायवाट

आता वेळापत्रकाचं सांगतो, कारण सगळी गंमत आणि सगळी अडचण तिथेच आहे.

या लहान बेटांचा खरा आधार म्हणजे 'एक्सप्रेस स्कोपेलीतिस' नावाचं छोटं जहाज. ते नाक्सोसचं नाही, आमोर्गोस बेटाचं आहे. रात्री तिथल्या कातापोला बंदरात असतं. पहाटे निघतं, कूफोनीसिया, स्किनूसा, इराक्लिया करत सकाळी नाक्सोसला येतं. दुपारी नाक्सोसहून परत फिरतं आणि त्याच बेटांवर उलट क्रमाने थांबत संध्याकाळी आमोर्गोसला पोचतं. काही दिवस मध्ये दोनूसाही घेतं. रविवार हिशोबात धरू नका.

हे वेळापत्रक पाहुण्यांसाठी नाही, बेटावरच्या माणसांसाठी आहे. त्यांनी सकाळी नाक्सोसला यायचं, डॉक्टर, बँक, सरकारी कचेरी, हार्डवेअरचं दुकान आटपायचं आणि दुपारच्या बोटीने सामानासकट घरी जायचं. म्हणून नाक्सोसला राहून या जहाजाने एका दिवसात जाऊन येणं जमत नाही. तुम्ही बेटावर पोचता तेव्हा दिवस कललेला असतो आणि परतीची बोट थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. ब्लू स्टार कंपनीची मोठी फेरीबोट अथेन्सच्या पिरेअस बंदरातून येऊन आठवड्यातल्या काही दिवशी पुढे या बेटांवर जाते, पण तिचंही गणित तसंच: दुपारी न्यायचं, परतीला दुसरी सकाळ. भर हंगामात वेगवान बोटी कूफोनीसियाला पाऊण तासात नेतात आणि त्याच दिवशी परत आणतात. सप्टेंबर संपत आला की त्यांच्या फेऱ्या गळायला लागतात.

म्हणजे एका दिवसात जाऊन यायचं तर तुमच्यापुढे मुख्यतः सहलीची बोटच उरते. माझा आग्रह वेगळा आहे. दुपारी स्कोपेलीतिसने जा, बेटावर रात्र काढा, सकाळी त्याच जहाजाने परत या. नाक्सोसच्या खोलीपासून एक दिवससुद्धा पुरता दूर राहत नाही. आणि बेट निवांत असतं ते याच वेळात. सकाळी अकरा ते दुपारी चार सहलीच्या बोटी येऊन माणसं उतरवतात. तेवढ्या वेळात तिथे पोचून 'शांत बेट' शोधणं म्हणजे आपणच ती शांतता घालवायला जाणं.

निघण्याआधी वेळा ताज्या तपासा, हंगामागणिक बदलतात. आणि परतीची बोट नक्की झाल्याशिवाय जाण्याचं तिकीट काढू नका.

अबोली

पायवाट, इतकं स्वच्छ कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. रात्रीचा विचार आम्ही केलाच नव्हता. पण लहान जहाज म्हटलं की आईचं कसं होईल? सहलीची मोठी बोट तिला सोयीची नाही का?

शेवंती

अबोली, मी सासूबाईंना घेऊन अशा सहलीला गेले आहे म्हणून सविस्तर लिहिते. बोट चांगली होती, माणसं अदबीने वागत होती, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण त्या सहलीची आखणी पोहणाऱ्यांसाठी असते. किनाऱ्यापासून लांब खाडीत नांगर टाकतात, मागची शिडी सोडतात आणि पाऊण तास सगळे पाण्यात. ज्यांना पोहता येत नाही ते डेकवर उन्हात बसतात आणि थांबलेली बोट जास्त डोलते. बोट लागणाऱ्याला चालत्या बोटीपेक्षा नांगरलेल्या बोटीत जास्त त्रास होतो. मग गावात उतरायला जो वेळ मिळतो, त्यात जेवण आटपेपर्यंत भोंगा वाजतो.

विचारायचे प्रश्न म्हणून लिहून ठेव: किती ठिकाणी प्रत्यक्ष धक्क्याला लागणार आणि किती ठिकाणी नुसता नांगर? सावली किती जणांना पुरते? शौचालय कुठल्या मजल्यावर? वारा वाढला तर मार्ग बदलणार की पैसे परत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घे. आमच्या वेळी सांगितलेली दोन बेटं वगळून भलत्याच खाडीत नेलं, आणि तो निर्णय सुरक्षेसाठी बरोबरच होता, पण आधी कुणी सांगितलं असतं तर सासूबाईंना त्या दिवशी मी खोलीवरच ठेवलं असतं.

गोळी निघण्याआधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. आईंची रक्तदाबाची औषधं चालू असतील तर भारतातून निघतानाच डॉक्टरांना विचारून घ्या.

दर्यावर्दी

शेवंतीताईंचं अगदी बरोबर. भर घालतो. जहाजात मधोमध आणि खालच्या मजल्यावर बसवा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. नजर क्षितिजावर. मोबाईल अजिबात नको. रिकाम्या पोटी नेऊ नका, कोरडा पाव किंवा खारी बिस्किटं चालतील.

धक्क्याचंही सांगतो. तिथे जहाज धक्क्याला पाठ लावतं, मागचा रॅम्प खाली टाकतं आणि काही मिनिटांत निघूनही जातं. आत गाड्या, गॅसच्या टाक्या, भाजीच्या पेट्या, माणसं एकाच रॅम्पवरून उतरतात. आपलं बंदर यायच्या आधीच खाली येऊन सामानाजवळ उभं राहायचं. आईंचा एक हात तुमच्या हातात, बॅगा जावईबापूंकडे. रॅम्प ओला असतो, रबरी तळव्याचे बूट घाला.

गोदाकाठ

अबोली, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. त्या कात्रणामुळे लिहायला बसलो.

केरोसवर उतरता येत नाही. सगळं बेट संरक्षित पुरातत्त्वस्थळ आहे, परवानगीशिवाय पाय ठेवायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. १९५०-६० च्या दशकांत तिथे चोरट्यांनी इतकं खणून नेलं की पश्चिम टोकाच्या कावोस या जागेची अक्षरशः चाळण झाली. नंतर ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्र्यू आणि ग्रीक संशोधकांनी तिथे वेगवेगळ्या काळात काम केलं. २००६ ते २००८ मध्ये त्यांना चोरट्यांचा हात न लागलेला दुसरा साठा मिळाला. त्यात संगमरवरी मूर्तींचे आणि भांड्यांचे तुकडेच तुकडे. गंमत अशी की ते एकमेकांना जुळत नाहीत. म्हणजे मूर्ती इथे फोडल्या नाहीत. आजूबाजूच्या बेटांवर फोडायच्या आणि त्यातला एखादा तुकडा बोटीत घालून इथे आणून ठेवायचा, असा विधी पिढ्यान् पिढ्या चालला. साडेचार हजार वर्षांपूर्वी.

समोर दास्कालियो नावाचा टेकडीएवढा खडक आहे. आज तो सुटा बेट दिसतो, पण त्या काळी समुद्राची पातळी खाली होती आणि तो केरोसला जोडलेला होता. त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली दाट वस्ती होती, धातूकाम चालायचं, सांडपाण्याच्या मोऱ्या होत्या. बांधकामाचा पांढरा संगमरवर नाक्सोसहून समुद्रमार्गे आणलेला. वल्ह्यांच्या होड्यांतून! नाक्सोस ते ही बेटं हा प्रवास आपण आज 'सहल' म्हणून करतो, तीच वाट त्यांनी दगड वाहायला वापरली. शिडं एजियनमध्ये यायला अजून अवकाश होता.

वीणावादक आणि त्याच्याबरोबर सापडलेला बासरीवादक दोघेही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. वीणावादक फक्त वीतभर उंच आहे. बाबांना वाटेल मोठा असेल, म्हणून आधीच सांगून ठेव, नाहीतर दालनात शोधत बसतील. मान मागे टाकून बसलेला, हातात वाद्य, खुर्चीची पाठसुद्धा कोरलेली. एका दगडातून आणि धातूचं नीटसं हत्यार हाताशी नसताना. नाक्सोसच्या दगडी कुरुंदाने घासून घासून हे आकार काढले असावेत असं मानतात. नाक्सोसचं कुरुंद पुढे हजारो वर्षं प्रसिद्ध राहिलं, तिथल्या डोंगरात त्याच्या खाणी आहेत.

केरोस दिसतं मात्र कूफोनीसियाच्या गावातून. समोर, समुद्राच्या पलीकडे, लांबच लांब पहुडलेला उघडा डोंगर. बाबांना तिथल्या धक्क्यावर खुर्ची मिळाली की काम झालं.

कोरांटी

बघा! मी म्हटलं नव्हतं, कूफोनीसिया!

पायवाट

कोरांटीताई, तुमच्या पाण्याच्या रंगाबद्दल वादच नाही. पण ऑगस्टमध्ये चारशेच्या आसपास वस्तीच्या बेटावर कित्येक पटींनी माणसं येतात, गल्लीत खांद्याला खांदा लागतो. त्याला निवांत म्हणणं मला पटत नाही. निवांतपणासाठी माझं मत इराक्लियाला. आकाराने कूफोनीसीच्या तिप्पट, माणसं निम्म्याहून कमी. आयोस येओर्यिओस बंदरातच गाव आहे, तिथून लिवादीच्या किनाऱ्यापर्यंत सावकाश चालत वीसेक मिनिटं. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना पानायिया गावातून डोंगरवाटेने सेंट जॉनच्या गुहेपर्यंत जाता येतं. तोंड एवढं लहान की गुडघ्यावर रांगत आत शिरावं लागतं आणि आत गेल्यावर मोठी दालनं लागतात. २८ ऑगस्टच्या संध्याकाळी तिथे मेणबत्त्या घेऊन लोक प्रार्थनेला जमतात. अबोलीच्या आईंसाठी ही गुहा नाही हे उघड आहे.

स्किनूसा मला फार आवडतं, पण मेर्सिनी बंदरातून गाव वर चढणीवर आहे. खोली घेतली तर मालक गाडी घेऊन धक्क्यावर येतो, दिवसापुरतं गेलात तर मात्र उन्हात चढायचं.

कोरांटी

ऑगस्टचं मान्य. पण अबोली सप्टेंबरच्या शेवटी जातेय! तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात, अथेन्सचे लोक परत गेलेले असतात. त्या दिवसांत इतालिदाच्या वाळूवर मोजकी माणसं बघितली आहेत मी. पाणी उन्हाळाभर तापून तेव्हाच सगळ्यात छान असतं. शिवाय इराक्लियात बाबांना केरोस असं समोर दिसणार नाही, ते मध्येच राहिलं.

पायवाट

हे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. सप्टेंबरअखेर आणि रात्रीचा मुक्काम असेल तर मीही कूफोनीसियालाच कौल देईन.

मृगधारा

आमचा अनुभव दुसऱ्या भागातला, कोस बेटाचा, पण मुद्दा तोच आहे म्हणून लिहिते. कोसच्या कार्दामेना बंदरातून निसीरोसला दिवसाच्या बोटी जातात. निसीरोस म्हणजे अख्खं बेटच ज्वालामुखी, मधल्या खोलगट मैदानात स्तेफानोस नावाचं विवर आहे, त्याच्या तळापर्यंत उतरता येतं. खाली जमीन गरम लागते, गंधकाचा वास नाकात बसतो, पिवळे स्फटिक दिसतात. बोटीतून उतरल्या उतरल्या सगळे बसमध्ये, बस थेट विवराशी. शेकडो माणसं एकाच वेळी त्या खड्ड्यात. आम्ही बोटीच्या बरोबर उलट केलं. आधी मांद्राकी गावात रमलो, सगळे जेवायला खाली आले तेव्हा वर गेलो. विवराच्या काठावर निकिया नावाचं गाव आहे, तिथून खालचं सगळं मैदान एका नजरेत येतं. ज्यांना उतरणं झेपत नाही त्यांनी तिथूनच बघावं.

एक महत्त्वाचं, धाग्यावर पुढे येणाऱ्यांसाठी. कोसहून बोद्रुम आणि सामोसहून कुशादासी अशा तुर्कस्तानच्या बोटी तिथल्या फलकांवर 'दिवसाची सहल' म्हणूनच लावलेल्या असतात. भारतीय पासपोर्टवर एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर त्या बोटीत पाय ठेवू नका. तुर्कस्तानात जाल, परत ग्रीसमध्ये घेणार नाहीत. ग्रीसमधल्या ग्रीसमध्ये कितीही बेटं फिरा, काही अडचण नाही. आई-बाबांच्या व्हिसावर प्रवेशाचा रकाना आधी वाचा.

रानमेवा

जेवणाचं मी सांगते! शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही, फक्त काय मागायचं ते माहीत हवं. फावा मागा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरणासारखं, वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्हचं तेल. स्किनूसात ती डाळ पिकते. सॅन्टोरिनीची फावा ज्या दाण्याची होते तो आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातला. मी चंद्रपूरची, त्यामुळे चव ओळखीची लागली. गिगांतेस म्हणजे टपोरे पांढरे दाणे टोमॅटोच्या रस्स्यात भाजलेले. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, पण त्यात खिमा आहे का ते विचारा. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या. नाक्सोसचे बटाटे आणि ग्राव्हिएरा चीज दोन्ही नावाजलेले. बाबांना तिखट लागत असेल तर शेंगदाण्याची चटणी घरून न्या, तिथे तिखट मिळणार नाही.

अंडं-दूधही नको असेल तर 'निस्तीसिमो' म्हणा, म्हणजे त्यांच्या उपवासाचं. पण लक्षात ठेवा, त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूळ, शिंपल्या चालतात. तेव्हा 'निस्तीसिमो' ऐकून ताटात माकूळ आलं तर स्वयंपाक्याची चूक नाही. 'होरीस क्रेआस, होरीस प्सारी, होरीस थालासिना': मांस नको, मासा नको, समुद्रातलं काहीच नको. कागदावर लिहून न्या.

पिंपळपान

धागा आवडला, पण एक गोष्ट खटकते आहे ती सांगतो. आपण सगळे 'निवांत बेट' शोधतो, नावं लिहितो, फोटो टाकतो, मग तिथे गर्दी होते. या बेटांना पाणी किती आहे? नद्या नाहीत, पाऊस फक्त हिवाळ्यात. समुद्राचं पाणी गोडं करून किंवा टाकीत साठवून भागवावं लागतं. कचरा जहाजाने बाहेर न्यावा लागतो. अशा जागांची अशी सविस्तर माहिती द्यावी का?

पायवाट

पिंपळपान, हा प्रश्न मलाही पडतो आणि तो टाळण्यासारखा नाही. माझं उत्तर असं. या बेटांची नावं लपलेली नाहीत. कोण येतं यापेक्षा कसं येतं याने फरक पडतो. सहलीची बोट शंभर माणसं आणते, ती चार तास राहतात, पाणी वापरतात, कचरा टाकतात आणि जेवणाचे डबे पुष्कळदा बोटीवरच असतात. गावाच्या हातात काय पडतं? तेच एक कुटुंब रात्री राहिलं तर खोलीचं भाडं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, सगळं बेटावर राहतं. आणि स्कोपेलीतिसची तिकिटं पाहुणे काढतात म्हणून त्या मार्गावर थोडी गर्दी दिसते. हिवाळ्यात तीच बोट बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेते.

नांगराचाही प्रश्न आहे. त्या समुद्रात तळाला पोसिडोनिया नावाच्या सागरी गवताची कुरणं असतात. माशांची पिल्लं त्यातच वाढतात, वाळू त्याच गवताने धरून ठेवलेली असते. नांगर ओढला की ते मुळासकट उपटतं आणि परत वाढायला दशकं लागतात. बोट भाड्याने घेणाऱ्यांनी नांगर फिक्या रंगाच्या वाळूवरच टाकावा. पाण्यात जे गडद ठिपके दिसतात ते गवत.

पिंपळपान

पटलं. गवताची माहिती नव्हती. बाटलीबंद पाण्याऐवजी मोठा कॅन घेऊन भरत राहणं एवढं तरी प्रत्येकाला जमेल.

दर्यावर्दी

बोटींचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलतो. नाक्सोस किंवा कूफोनीसियाच्या बंदरात लाकडी मासेमारी बोट दिसली, पुढून-मागून निमुळती, रंगवलेली, तर दोन मिनिटं थांबून बघा. त्यांना 'कैकी' म्हणतात. फळी वाफवून, वाकवून, हाताने बांधलेल्या. युरोपीय संघाने मासेमारीचा ताफा कमी करायचं धोरण १९९० च्या दशकापासून राबवलं. परवाना परत करायचा आणि बोट मोडायची, त्याचे पैसे मिळायचे. हजारो कैकी बुलडोझरखाली गेल्या. मासे वाचवायचा हेतू मला कळतो. पण चांगली लाकडी बोट मालकाच्या डोळ्यांदेखत यंत्राने चिरडायची, हे पाहिलं की गळ्याशी दाटून येतं. सुतार संपले की विद्या संपते. कूफोनीसिया लोकसंख्येच्या मानाने ग्रीसमधल्या सगळ्यात मोठ्या मासेमारी ताफ्याचं बेट म्हणून ओळखलं जातं, तिथे अजून काही बघायला मिळतील. समोरच्या कातो कूफोनीसीला, म्हणजे खालच्या बेटाला, जी लहान बोट जाते तिच्यातून जरूर जा. तिथे कायमची वस्ती जवळजवळ नाही. एक खानावळ, एक जुनं चर्च, नेरो नावाचा किनारा.

आणि मेल्तेमीबद्दल एक राहिलं. आपला नैऋत्य मोसमी वारा आणि हा मेल्तेमी दोघे एकमेकांना बांधलेले आहेत. उन्हाळ्यात राजस्थान-पाकिस्तानवर कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो इराणी आखातावरून पार तुर्कस्तानपर्यंत पसरतो. बाल्कनच्या बाजूला दाब जास्त. त्या दोन्हींच्या मधल्या उतारावरून हा उत्तरेचा वारा एजियनमध्ये उतरतो. तिकडे रत्नागिरीत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात तेव्हाच इकडे मेल्तेमी भरात असतो. बाबांना हे आवडेल.

अबोली

बाबांना सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. ज्वालामुखी ऐकून आई म्हणाली, 'ते पुढच्या वेळी'. पावसाचं ऐकून बाबांनी नकाशा उघडला.

ठरलं असं: नाक्सोसला पोचल्यावर एक दिवस विश्रांती, मग वारा बघून दुपारच्या स्कोपेलीतिसने कूफोनीसियाला. एक रात्रच ठरवली होती, पण आता दोन करतोय. म्हणजे मधला पूर्ण दिवस मिळेल आणि वारा शांत असला तर कातो कूफोनीसीला जाता येईल. खोली बंदराजवळ बघते, पायऱ्या नसलेली. सहलीची बोट रद्द. गोदाकाठ, नाक्सोसच्या संग्रहालयातही या काळातल्या मूर्ती आहेत ना? तिथे आईला नेणं जमेल?

शेवंती

छान ठरवलंस. दोन रात्री म्हणजे कुणाची धावपळ नाही.

गोदाकाठ

नाक्सोसचं संग्रहालय वर कास्त्रोमध्ये, व्हेनिसवाल्यांच्या जुन्या किल्ल्यात आहे. गल्ल्या दगडी, चढाच्या आणि पायऱ्यांच्या. आईंना नको. त्यांना खाली बंदरालगत सोबतीला कुणीतरी थांबवा आणि बाबांना घेऊन जा. जाण्याआधी उघडं आहे का ते खात्री करून घ्या. तिकडची बरीच सरकारी संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. वेळ कमी पडला तर नाक्सोसचं सोडा, पण अथेन्सचं राष्ट्रीय संग्रहालय सोडू नका. तिथे पहिल्यांदा मायसीनीच्या सोन्याकडे सगळे धावतात. तुम्ही आधी सिक्लाडिक दालनात, म्हणजे या बेटांवरच्या प्राचीन मूर्तींच्या दालनात जा.

आणि जाताना जहाजात बाबांना स्किनूसापर्यंत आईंजवळ खाली बसू दे. स्किनूसा सुटलं की त्यांना वरच्या डेकवर उजव्या बाजूला ने. कूफोनीसिया येईपर्यंत केरोस त्याच बाजूला राहतं, आणि पश्चिमेच्या टोकाशी जो सुटा खडक दिसेल तो दास्कालियो. दुर्बीण असेल तर हाताशी ठेव, बॅगेच्या तळाशी नको.

अबोली

दुर्बीण नवऱ्याची आहे, ती गळ्यातच असते त्याच्या. उजवी बाजू, लिहून घेतलं. परत आल्यावर खोलीचं भाडं, बोटीच्या प्रत्यक्ष वेळा आणि बंदरापासूनचं अंतर इथेच टाकते.